चार चाकांची बखर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, ताम्रपट येतात, वाळवीने चाळण केलेले मोडी रुमाल येतात. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी वीसेक वर्षे गेली आणि दोन-तीन कादंबऱ्यांच्या निमित्ताने त्या रुमालांची धूळही नाकात गेली. त्यामुळे त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण इतिहासाची काही साधने दप्तरखान्यात राहत नाहीत. ती रस्त्याने हिंडतात, सिग्नलला थांबतात, आणि आपण वाटेत आलो तर भोंगा वाजवून आपल्याला बाजूला व्हायला सांगतात. जुन्या मोटारगाड्या ही असली साधने आहेत.

वाचकांनी माझ्याविषयी भलता समज करून घेऊ नये. माझ्यापाशी मोटार नाही, मला ती हाकताही येत नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराला लोकल गाडी आणि दोन पाय पुरतात. माझ्यापाशी आहे ती फक्त एक शंभर पानी वही. रस्त्यात जुनी गाडी दिसली की तीत तारीख, ठिकाण आणि गाडीच्या खुणा टिपून ठेवायच्या, एवढाच माझा छंद. त्याला नियम एकच: प्रदर्शनात दोरीपलीकडे उभी केलेली गाडी वहीत घ्यायची नाही. भाजी आणताना, लग्नाला जाताना, परीक्षेचे गठ्ठे पोचवताना जी सहज समोर येईल, तीच घ्यायची. आपल्या कामाला निघालेली गाडी खरे बोलते. नटूनथटून बसलेली गाडी मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातल्यासारखी असते. ती विचारले तेवढेच सांगते.

गाडीचा काळ ओळखायला फारशी विद्या लागत नाही. ताम्रपटात शक असतो, तशी गाडीवर नंबराची पाटी असते. ‘बीएम’ने सुरू होणारी तीन अक्षरे दिसली तर ती बहुधा जुन्या मुंबई राज्याच्या वेळची. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि ‘एमआर’ची अक्षरे आली, मग ‘एमएम’ची आली. १९८९ च्या नियमांनंतर ‘एमएच’ आणि पुढे कचेरीचा आकडा अशी आजची पद्धत सुरू झाली: ताडदेव एक, कोल्हापूर नऊ, सातारा अकरा, पुणे बारा. म्हणजे राज्य कधी बदलले, हेदेखील पाटीवरून समजते.

दुसरी खूण दाराची. १९५४ पासून इथे येऊ लागलेल्या फियाट अकराशेची पुढची दारे उलट्या बाजूने उघडत. बिजागरी मागे, कडी पुढे. उतरणारा माणूस कपाटातून बाहेर पडावा तसा बाहेर पडे. हिचा पाठीमागचा भाग असा गोल आणि गुबगुबीत की मुंबईकरांनी तिचे बारसे ‘डुक्कर फियाट’ असे केले, आणि मालकांनीही ते नाव प्रेमाने स्वीकारले. नंतरच्या गाड्यांची दारे शहाण्यासारखी पुढच्या बिजागरीवर आली. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड १९६१ मध्ये आली. तिची खूण आणखी सोपी: मडगार्डांसकट पुढचा सगळा भाग मगरीने जबडा वासावा तसा पुढे उलटतो आणि इंजिन उघडे पडते. एखादी हेरल्ड रस्त्यात बंद पडली की पोरांचा घोळका जमतो, तो या जबड्यासाठी.

आता प्रश्न असा की, आपल्या रस्त्यावर नेमक्या याच दोन-चार जातीच्या गाड्या का उरल्या? आपल्या आजोबांच्या मुंबईत तर जगभरच्या मोटारी होत्या. १९११ साली मुंबईत भाड्याच्या मोटारी धावू लागल्या, तेव्हा व्हिक्टोरियाच्या घोड्यांनी कान टवकारले असतील. विजेची ट्राम त्याआधी चार वर्षे, म्हणजे १९०७ मध्ये, आली होती. पुढे १९२६ मध्ये फोर्ड कंपनीने मुंबईत बस्तान मांडले, आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. मोटारीचे भाग पेट्यांतून बोटीने यायचे आणि इथले कामगार त्यांची जुळणी करायचे. फोर्ड, शेव्हरोले, ब्यूक, ऑस्टिन, मॉरिस अशी नाना घराण्यांची मंडळी तेव्हा रस्त्यावर नांदत होती. पण त्यांतली एकही आपली नव्हती. आपले लोक जोडणारे, आपले लोक चालवणारे, आपले लोक पैसे मोजणारे. घडवणारा मात्र साता समुद्रांपलीकडे.

ही गोष्ट ज्यांना खुपली, त्यांत सोलापूरचा एक माणूस होता. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांची कंत्राटे घेणारे, १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट इंग्लंडकडे धाडणारे, आणि इंदापूरच्या माळरानावर साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसवणारे हे गृहस्थ. तिकडे म्हैसूरचे सर विश्वेश्वरय्या हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना निघावा म्हणून १९३० नंतरच्या दशकात आराखडे घेऊन हिंडत होते. वालचंदांनी ती कल्पना उचलली. मुंबईतले बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अनुकूल होते. पण महायुद्ध सुरू झाले आणि १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. इंग्रज सरकारला मात्र युद्धाच्या धामधुमीत हिंदी माणसाचा मोटारीचा कारखाना नको होता. अमेरिकेच्याच त्या खटपटीत त्यांची एका विमानवाल्याशी गाठ पडली आणि १९४० मध्ये बंगलोरला विमानांचा कारखाना निघाला. म्हणजे मोटारीच्या आधी विमान! नशिबाचे फासे असेही पडतात.

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईजवळ कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. १९४७ पासून तिथून डॉज, डिसोटो, प्लिमथ अशी अमेरिकन नावे असलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याआधी दोन वर्षे, १९४२ मध्ये, बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स निघाली होती. तिचे बिऱ्हाड आधी गुजरातेत ओख्याला होते आणि १९४८ मध्ये बंगालात उत्तरपाड्याला गेले. १९५३ मध्ये सरकारने ठरवले की, ज्यांना गाडीचे भाग इथेच बनवायचे असतील त्यांनी राहावे. नुसती पेट्यांतली जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वालचंद वारले. कुर्ल्याच्या कारखान्याला घरोघर पोचवणारी फियाट अकराशे त्यांच्या मागे वर्षभराने आली. ती त्यांनी पाहिली नाही.

माझ्या वहीतल्या नोंदींचे मूळ असे त्या १९५३ सालात आहे. दार बंद झाले आणि खोलीत उरली तीन-चारच माणसे: कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची हिंदुस्थान, मद्रासची स्टँडर्ड, आणि रानावनात जायला महिंद्रांची जीप. पुढची तीस वर्षे हिंदुस्थानातला सुखवस्तू माणूस याच खोलीत संसार करीत होता. उत्तरपाड्याच्या लँडमास्टरची मुलगी म्हणावी अशी अ‍ॅम्बॅसडर १९५७-५८ च्या सुमारास आली, ती थेट २०१४ पर्यंत निघत राहिली. नाकाची जाळी बदलली, दिवे बदलले, पण अंगलोट तीच. कलेक्टरसाहेबांची गाडी म्हटली की अजूनही आपल्या मनात ती पांढरी, पोट सुटलेली अ‍ॅम्बॅसडरच उभी राहते.

त्या काळात मोटार घेणे म्हणजे काय प्रकरण होते, हे दिल्लीच्या एका गाडीवरून कळेल. १९६४ साली लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या घरी स्वतःची मोटार नव्हती. मुलांच्या आग्रहावरून फियाट घ्यायचे ठरले. किंमत बारा हजार रुपये; पंतप्रधानांच्या खात्यात होते सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेतून कर्ज काढले. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला त्यांचे निधन झाले आणि कर्ज तसेच राहिले. ते ललिताबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती फियाट आज दिल्लीतल्या शास्त्रीजींच्या स्मारकात जपून ठेवलेली आहे. मला या कथेत एक योगायोग फार हृद्य वाटतो. फियाटचा कारखाना कुर्ल्याच्या ज्या आग्रा रोडवर होता, त्या रस्त्याला पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव मिळाले. मी त्या रस्त्याने जातो तेव्हा कारखान्याच्या जागी उंच इमारती दिसतात. कर्जाने घेतलेली ती गाडी इथून निघाली, हे सांगणारे तिथे आता रस्त्याच्या पाटीवरचे नावच उरले आहे.

पंतप्रधानांची ही कथा, मग डॉक्टर-वकिलांचे काय? नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदवलेली गाडी ती शाळेत जायला लागल्यावर यायची, असे लोक गमतीने म्हणत. मग एवढ्या नवसाने आलेली गाडी कोण मोडीत काढील? ती घरातली एक व्यक्ती होऊन बसे. दसऱ्याला तिला झेंडूची माळ, लक्ष्मीपूजनाला हळदीकुंकू. थंडीत ती रुसली की यजमान हँडल मारणार, नाहीतर शेजारपाजारचे धक्का मारणार. सुटे भाग मिळेनात, म्हणून गल्लीतला मिस्त्री लेथवर नवा भाग कातून द्यायचा, एका गाडीचा अवयव दुसरीला बसवायचा. कुर्ल्याच्या भंगारबाजारात अजून असे कारागीर भेटतात. इंजिनाचा आवाज ऐकून, वैद्याने नाडी पाहावी तसे, ते दुखणे सांगतात. त्यांच्या या विद्येचे पुस्तक नाही. परदेशात जुनी गाडी टिकली ती श्रीमंतांच्या हौसेने. आपल्याकडे ती टिकली टंचाईने आणि मिस्त्रीच्या हाताने. त्या हातांना बखरीत जागा मिळाली पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मग दार पुन्हा किलकिले झाले. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची छोटी गाडी आली. १९९१ नंतर तर दार सताड उघडले. नवी गाडी आठवड्यात मिळू लागल्यावर जुनीचा लाड कोण करणार? अंगणातल्या फियाटी एकेक करून भंगारात गेल्या. राहिली एकच जात, तीही पोटासाठी: मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी.

ही टॅक्सी म्हणजे त्याच फियाटची लेक. इटालियन कंपनीशी असलेला करार संपल्यावर १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. चित्तोडच्या राणीचे नाव घेऊन ती कुर्ल्याहून निघाली आणि मुंबईच्या धुराला, खड्ड्यांना, पावसाला तोंड देत राहिली. १०८९ घनसेंटिमीटरचे लहानसे इंजिन. गिअरचा दांडा खाली न ठेवता स्टेअरिंगच्या बगलेत. पुढे अखंड बाक, त्यामुळे चालकाशेजारी बाप-लेक दोघेही बसत. डाव्या बाजूला बाहेर लोखंडी मीटर, टपावर सामानाचे कॅरिअर. मुंबईतल्या किती बाळंतिणी या गाडीतून घरी आल्या असतील, आणि गावाहून आलेल्या किती माणसांनी दादर स्टेशनाबाहेर हिच्याच खिडकीतून पहिल्यांदा मुंबई पाहिली असेल!

२००१ च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. टॅक्सीचे वय २००८ मध्ये पंचवीस वर्षे आणि २०१३ मध्ये वीस वर्षे असे ठरवण्यात आले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेवच्या कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. तीत वीस वर्षे मिळवली की झाली २०२३ च्या ऑक्टोबरची अखेर. दिवाळी तोंडावर आली असताना मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायद्याने निवृत्त झाली. निदान एक गाडी तरी सरकारने जपून ठेवावी, अशी टॅक्सीचालकांच्या संघटनेने मागणी केली होती. तेव्हा तिला यश आले नाही.

इथे मला कोल्हापूर आठवते. दसऱ्याच्या दिवशी शाही सीमोल्लंघनाला छत्रपतींच्या घराण्याची जुनी जर्मन मेबॅक मोटार दसरा चौकात येते, आणि सोने लुटायला जमलेली माणसे तिच्याकडे मान उंचावून पाहतात. ती गाडी जपली, हे फार चांगले झाले. तिच्यामागे राजवाडा होता, जागा होती, परंपरा होती. पण एक मेबॅक ज्या माणसांनी वर्षातून एकदा पाहिली, त्यांनी पद्मिनी रोज पाहिली होती. दुर्मिळ गाडी ती राजाचीच, असे आपण धरून चालतो. माझी वही वेगळे सांगते. तिच्या पहिल्या पानांत पद्मिनी एकही नाही. चिमण्या-कावळ्यांची नोंद कोणी ठेवत नाही. शेवटच्या पानांत मात्र पद्मिनी दिसली की वार, वेळ, चौक असे सगळे लिहिलेले सापडते.

नियम जुलमी होते, असे माझे म्हणणे नाही. मुंबईच्या पोरांच्या छातीत धूर जाऊ नये, हे कोणत्याही जुन्या पत्र्यापेक्षा महत्त्वाचे. म्हाताऱ्या ब्रेकवर चार माणसांचा जीव टांगणेही बरे नव्हे. सरकारने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी एक तरतूदही केली आहे. पन्नास वर्षांपलीकडची, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. प्रदर्शन, शर्यत, दुरुस्ती, तेल भरणे एवढ्यासाठी तिने रस्त्यावर यावे. रोजच्या कामाला किंवा धंद्याला नव्हे. हे योग्यच आहे. पण याचा अर्थ असा की, भाजीच्या पिशव्या घेऊन घरी निघालेली, पोरांना शाळेत सोडणारी जुनी गाडी हळूहळू दिसेनाशी होणार. वीस हजार आणि एक गॅरेज ज्याच्यापाशी आहे, त्याची गाडी टिकेल. टॅक्सीवाल्यापाशी यांतले काय आहे? म्हणून धंद्यातल्या गाड्यांचा इतिहास कोणी तरी मुद्दाम राखावा लागतो. तो आपोआप राहत नाही.

सरकारने काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. माझ्या हाती सातवीचा वर्ग होता. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मुलांना एक अभ्यास दिला: घरातल्या किंवा शेजारच्या थोरांना विचारा, तुमच्या आठवणीतली पहिली मोटार कोणती, ती कोणाची होती, पुढे तिचे काय झाले. सुटी संपल्यावर मुलांनी बरेच काही आणले. बॉनेटवर टेकून उभ्या असलेल्या काकांचे फोटो आले, किल्ल्या आल्या. एका मुलीने आजीच्या ट्रंकेतले पेट्रोलचे हिशेब आणले.

एका मुलाने काहीच आणले नाही. तो आजोबांनाच घेऊन आला. मूळचे साताऱ्याकडचे, तीस वर्षे मुंबईत टॅक्सी चालवलेले. आधी संकोचून दाराशी उभे राहिले. मग माझ्या खुर्चीवर बसले, उजवा हात हवेतल्या चाकावर ठेवला आणि डाव्या हाताने स्टेअरिंगच्या बगलेतला गिअर कसा टाकायचा ते दाखवू लागले. एकामागून एक पोरे खुर्चीवर बसून हवेत गिअर टाकू लागली. कोणी तरी विचारले, “आजोबा, गाडी कुठं आहे?”

“गाडी गेली भंगारात,” ते म्हणाले. “नवे इलेक्ट्रॉनिक मीटर आले तवा जुना काढला, तो मातुर ठेवलाय.”

कापडी पिशवीतून त्यांनी तो जड लोखंडी मीटर काढून टेबलावर ठेवला आणि त्याचे पाते खाली फिरवले. आत ‘टिंग’ असा आवाज झाला. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकानेही तो आवाज पूर्वी ऐकलेला नव्हता. “पुन्हा, पुन्हा!” असा गलका उठला आणि म्हाताऱ्याने पाते पुन्हा वर केले.